अळीबाईंचे हात

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांना सगळे अळीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. अर्धं आयुष्य ज्या जिवाच्या पोटात डोकं घालून काढलं, त्याच्या नावाने कुणी हाक मारली तर बिघडलं कुठे, असं त्या म्हणत.

काम किचकट होतं. बोटाएवढी हिरवी अळी बर्फावर ठेवायची. ती निपचित पडली की तिचं मधलं आतडं काढायचं, उभं चिरायचं, आणि तो ओला पापुद्रा प्लास्टिकच्या एका छोट्या डबीत मधोमध पडद्यासारखा ताणून बसवायचा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी, त्यात प्राणवायूचे बुडबुडे, आणि विजेचा दाब मोजणाऱ्या दोन तारा. सगळं नीट जमलं की यंत्रावरचा आकडा चढू लागे. अळी संपलेली असे, पण तिचं आतडं पुढे कितीतरी वेळ राबत राही.

नव्या विद्यार्थ्यांना त्या सांगत, "अळी पाला खाते. पाल्यात पोटॅशियम रग्गड आणि सोडियम नावाला. आपलं आतडं अन्न आत ओढायला सोडियम वापरतं, हिला ते कुठून मिळणार? म्हणून हिच्या आतड्यात पेल्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. अंगातलं पोटॅशियम आतड्याच्या पोकळीत फेकत राहायचं, एवढंच त्यांचं काम. पोकळीत त्याची गर्दी झाली की ते शेजारच्या पेशींतून परत आत शिरायला बघतं. पण त्या पेशींची दारं त्याला एकट्याला आत घेत नाहीत. सोबत अमिनो आम्ल आणलंस तरच ये, म्हणतात. त्या अमिनो आम्लांवर अळी पोसते." मग पुढे म्हणत, "या सगळ्याला शक्ती फार लागते. प्राणवायू तोडला की आतडं लगेच मान टाकतं."

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि आकडा चढेनासा झाला. थोडा हलायचा आणि परत खाली बसायचा. अळीबाईंनी प्राणवायूची नळी बदलली. खारं पाणी पुन्हा पुन्हा बनवलं. तारा घासल्या. अळ्यांचं खाणं बदललं, अळ्यांची नवी पैदास मागवली. सकाळी ताज्या उमेदीने बसायच्या आणि दुपारपर्यंत खांदे गळून जायचे. मग जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायच्या.

घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई रुग्णालयात नर्स होती, आता निवृत्त. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघींचं बरं चाललं होतं. एका संध्याकाळी चहा ओतताना ताई म्हणाली, "हल्ली तू कप दोन्ही हातांनी धरतेस."

"गरम असतो."

"पूर्वी गार असायचा का?"

अळीबाईंनी कप खाली ठेवला. ताईने विषय वाढवला नाही. आयुष्यभर माणसांच्या उशाशी बसलेली ती, कुठे थांबायचं हे तिला कळत असे.

विभागाची प्रमुख ही अळीबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. एका सकाळी ती आली, त्यांच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "मॅडम, आज मी बसवून बघू?"

"तू? तुझी सवय कधीच मोडली असेल."

"मोडली असेल. पण शिकवलं तुम्हीच आहे."

तिने बाह्या सरसावल्या. पहिलं आतडं फाटलं. दुसरं तिने सावकाश ताणलं, कडा दाबल्या, डबी मिटली. दोघी यंत्राकडे बघत बसल्या. आकडा चढत गेला आणि शंभराच्या वर जाऊन स्थिर झाला. नळी तीच होती, पाणी तेच, अळीही त्याच पिंजऱ्यातली.

 मग अळीबाईंनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"शंका होती. विचारायचं धाडस होत नव्हतं."

"मला माहीत होतं," अळीबाई म्हणाल्या. "माझ्या हातून कडेला बारीक चीर जायची. भिंगाखाली दिसायची. मी म्हणायचे, अळीच नाजूक निघाली."

ताईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल काढायला लावले. वयाबरोबर येणारा कंप आहे, जिवाला धोका नाही, औषधाने थोडा कमी होईल, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "सुटलो."  अळीबाईंना मात्र रडूसुद्धा येत नव्हतं, नुसता शीण आला होता.

त्या राजीनामा द्यायच्याच विचारात होत्या, पण प्रमुखबाईने वेगळंच काढलं. अळीच्या पेशीतल्या त्या दाराचा जनुकीय आराखडा बेडकाच्या अंड्यात टोचायचा. मग अंडं ते दार स्वतःच्या कातडीवर उभं करतं. अंड्यात वीज मोजणाऱ्या सुया उतरवायच्या त्या यंत्राच्या स्क्रूने. हात थरथरला तरी सुई थरथरत नाही.

"सगळी हयात अळीत घालवली, आता म्हातारपणी बेडकाच्या दारात उभी राहू?" अळीबाई वैतागल्या.

"दार अळीचंच आहे, मॅडम. फक्त घर बेडकाचं."

त्या बसल्या. नाइलाज म्हणूनच बसल्या. कुठलं दार खरं ते आधी ठाऊक नव्हतं, म्हणून एकेक टोचून बघायचं होतं. पहिल्या दाराने कित्येक महिने खाल्ले आणि हाती काही दिलं नाही. कुठलंही अमिनो आम्ल सोडा, यंत्रावरची विजेची रेघ आपली सपाट. दुसरं दार टोचलं तेव्हा त्यांनी कसलीच आशा धरली नव्हती. अंडं पोटॅशियमच्या पाण्यात ठेवलं, ल्युसीन हे अमिनो आम्ल सोडलं, आणि रेघ खाली वाकली. अमिनो आम्ल आत जात होतं. त्यांनी पाणी बदललं, पोटॅशियम काढून घेतलं. रेघ सरळ झाली. पोटॅशियम परत दिलं, परत वाकली. शेजारच्या, काहीच न टोचलेल्या अंड्यात मात्र हूं की चूं नाही.

प्रमुखबाई धावत आली, तिने त्यांना मिठी मारली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अळीबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या नव्या अंड्यांवर परत करू," म्हणाल्या. "एकदा झालं म्हणजे झालंच असं नसतं."

दुसऱ्या दिवशी झालं, त्यानंतरही झालं. दोघींच्या नावाने छोटासा लेख निघाला. पहिलं आतडं नीट बसवायला त्यांना जेवढा काळ लागला होता, जवळजवळ तेवढाच या एका दारालाही लागला, असं त्या कुणालातरी बोलल्या. तक्रार म्हणून नव्हे.

लेख छापून आला त्या दिवशी त्या जिना चढून घरी आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीतच टेकल्या. ताईने आतून विचारलं, "काय गं, आनंद झाला ना?"

"झालाय," त्या म्हणाल्या. "उद्या होईल तो नीट."

ताई बाहेर येईपर्यंत त्यांना झोप लागली होती. ताई जमिनीवर बसली आणि तिने हलक्या हाताने धाकटीच्या पायांतले बूट काढले.