हनीफचाचांची फुंक

हनीफचाचांचे दात मी घालवले. हात न लावता, एका वाक्याने. माझ्या दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, सुट्टे पैसे शोधता शोधता मी ते वाक्य बोललो आणि विसरूनही गेलो. चाचा विसरले नाहीत. त्यांनी माझं ऐकलं.

संगमनेरात माझं मेडिकल आहे. शेजारच्या गाळ्यात एका बँडचं बस्तान. हनीफचाचा त्यातले मुख्य ट्रंपेटवाले. दुपारी काम नसलं की माझ्या पायरीवर बसून जुन्या साडीच्या तुकड्याने ट्रंपेट पुसत. मग नुसता माउथपीस काढून ओठांना लावत आणि भुर्र भुर्र वाजवत. रस्त्याने जाणारी माणसं दचकून बघत. चाचा म्हणत, "बघताय काय? फुंक जिवंत हाय का ते बघतोय."

मला ते "डॉक्टर" म्हणत. मी डॉक्टर नाही, औषधं विकणारा माणूस. सुरुवातीला एकदोनदा हसून नको म्हटलं, नंतर तेही सोडलं. खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

चाचांची काही वाक्यं ठरलेली होती. कुणी वादक सुट्टी मागायला आला की म्हणत, "नवरदेव घोड्यावरून उतरंपर्यंत मान्साला आजारी पडता येत न्हाई." नवीन पोराने सूर ओढत लावला की ओरडत, "वरातीत रडू नको रं, रडायला पोरीकडचे हायेत!" आणि हसत. हसताना मात्र डाव्या हाताचा पंजा तोंडावर धरत. मला वाटायचं, लाजतात. पुढे कळलं, तोंडाला वास येतो म्हणून.

त्यांच्या हिरड्या सुजलेल्या असत. साखरेचा आजार जुना, सकाळी मिशरी लावायची सवय त्याहून जुनी. दातांच्या मुळाशी पिवळं-काळं कीटण दगडासारखं बसलेलं. ट्रंपेटवाल्याचा सगळा भार वरच्या समोरच्या दातांवर. तिथेच माउथपीस टेकतो. वरातीहून आले की माउथपीस माझ्या दुकानासमोरच्या नळावर धूत आणि पाणी लालसर वाहायचं. मी हिरड्यांना लावायची जेल देत होतो, दुखीच्या गोळ्या देत होतो. चिठ्ठी कधी मागितली नाही.

त्यांची मुलगी शबाना डेअरीत कामाला होती. तुळशीचं लग्न जवळ आलं, तेव्हा तिनेच हट्टाने त्यांना दातांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी सांगितलं की हिरड्यांच्या आत साचलेलं कीटण काढून घ्या, मिशरी सोडा, साखर आटोक्यात आणा, मऊ ब्रशने दोन वेळा दात घासा, दात वाचतील. दोघं तिथून थेट माझ्याकडे आली. शबानाने गुळण्यांच्या औषधाची चिठ्ठी पुढे केली. चाचांनी मात्र हळूच विचारलं, "डॉक्टर, साफ केल्यावर दात हलत्यात म्हनं?"

"हलतात खरे," मी म्हणालो. "माझ्या मामांचे हलले होते. सीझन होऊन जाऊ द्या, मग बघू."

"काका, मॅडम तर म्हणाल्या की..." शबाना बोलायला लागली.

"तू गप!" चाचा तिच्यावर खेकसले. "डॉक्टर शिकलेले हायेत. तुला माजं वाजवणं बंद करायचंय का?"

शबाना माझ्याकडे बघत राहिली. मी पुढच्या गिऱ्हाइकाची गोळ्यांची पट्टी कापायला घेतली.

तो सीझन गेला, त्याच्या पुढचाही लागला. चाचा मॅडमकडे पुन्हा गेले नाहीत. जेल लावायची, गोळी घ्यायची, फुंकायचं. बापलेकीत बोलणं कमी झालं ते मला पायरीवरूनही दिसत होतं. डबा घेऊन ती यायची, ठेवायची, जायची.

मग एक वरात माझ्या दुकानासमोर अडली. नाशिक-पुणे रस्त्याची गर्दी गावात शिरलेली. नवरदेवाचे मित्र नाचत होते, चाचा पुढे उभे. गाल फुगलेले, बोटं कळांवर पळतायत, मान डोलतेय. पण ट्रंपेटमधून आवाज येत नव्हता. क्लॅरिनेटवाला त्यांची ओळ सांभाळून घेत होता. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. चाचांची नजर माझ्या नजरेला भिडली आणि त्यांनी ती खाली वळवली. गाल तसेच फुगलेले.

समोरचे दोन दात आपोआप पडले, बाकीचे काढावे लागले. बँडमालकाने त्यांना खुळखुळा वाजवायला दिला. एकदा पायरीवर बसून बोळक्या तोंडाने मला म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या गोळ्यांवर दोन सीझन निगाले. अल्ला तुमचं भलं करो." मी मान हलवली.

पुढे माझ्याच हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. त्याच मॅडमकडे गेलो. खुर्चीत पडल्या पडल्या मी विचारलं, साफ केल्यावर दात हलतात ना? त्या वैतागल्या नाहीत, बहुधा रोज ऐकत असतील. म्हणाल्या, "साफ केल्याने हलत नाहीत. कीटणाने आतलं हाड आधीच खाल्लेलं असतं. कीटण निघालं की ते नुसतं कळतं." मग म्हणाल्या, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. दोन्ही एकमेकांना ओढतात. मला मामांचे दात आठवले. ते आधीपासूनच हलत होते.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही. चाचांच्या पायाची जखम चिघळली, साखर काही केल्या उतरेना आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा गेलो. हिरड्यांमुळेच हे झालं असं कुठला डॉक्टर म्हणाला नाही. मीही म्हणत नाही. दातांचं मात्र मला ठाऊक होतं.

शबाना बाहेर बाकावर बसली होती. मी आत गेलो आणि एका दमात बोललो. "चाचा, साफ केल्याने दात हलत नसतात. मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं. माझं चुकलं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "म्हंजे ऱ्हायले असते?"

"बरेचसे राहिले असते."

"मला वाटलं हुतं, नशीब हुतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "सांगितलं न्हाई तरी चाललं असतं, डॉक्टर. नशिबाशी मी भांडत न्हवतो."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. त्यांनी पंजा उचलून मला थांबवलं.

"पोरीला सांगितलं का?"

"नाही."

"तिला सांगा. लई बोललो मी तिला. म्हनलं, बापाच्या पोटावर पाय देती. तवापास्नं ती माज्याशी नीट बोलली न्हाई, आन् मीबी न्हाई. माजं तोंड न्हाई तिला सांगायला. तुमी सांगा."

पुढच्या आठवड्यात चाचा गेले. पण त्या दुपारी मी त्यांच्या खाटेपासून उठलो आणि बाहेर आलो. शबाना मांडीवर डबा घेऊन बसली होती. मला बघून तिने बाकावर जागा केली. मी बसलो नाही.

"शबाना," मी म्हणालो, "मी डॉक्टर नाही. त्या दिवशी तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तुझ्या अब्बांना ते आता कळलंय, त्यांनीच मला पाठवलंय. मला माफ कर, आणि आत जा. ते तुझी वाट बघतायत."