भागीरथाबाई आणि बेटांवरचा वारा

आमच्या गावात भागीरथाबाईविषयी असं सांगतात, की तिच्या पोरानं, इस्तारीनं, माणूस मारला आणि सरकारनं त्याला काळ्या पाण्यावर धाडलं. आशाबाई सांगते तेव्हा त्यात कुऱ्हाड असते. "एकाच घावात वो माय! मुंडकं इकडं, धड तिकडं!" असं म्हणत ती स्वतःच्याच मानेवरून हात फिरवून घेते. सोमाजीभाऊच्या तोंडी त्याच कुऱ्हाडीची बंदूक होते आणि मेलेले दोन होतात. तो मधेच खोकतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला तिसराही मेला की काय असं वाटतं.

सगळं खोटं. इस्तारीला मी पाहिलेला आहे. जाळ्यातला मासा तडफडायला लागला की तो तोंड फिरवायचा आणि मायला म्हणायचा, "तूच मार वो." मासेमार ढिवराचा पोरगा असून! झालं होतं इतकंच, की मूल गावच्या लाकूडडेपोवर एक ठेकेदार आला. अंदमानच्या जंगलात तोडलेले ओंडके समुद्रातून ओढून न्यायचे होते आणि त्याला पाण्याला न भिणारी माणसं हवी होती. आमच्या तलावावरचा इस्तारी आणि त्याचा जोडीदार मुखरू असे दोघे गेले. बोली सालभराची होती. दुसरा हिवाळा लागला तरी ना माणूस आला, ना निरोप. काळ्या पाण्याची शिक्षा केव्हाच बंद झाली, हे भैयाजी गुरुजींनी लोकांना सांगून पाहिलं, पण गावाला खुनाचीच गोडी जास्त.

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेला सरकारी रेडिओ मिळाला. दिवेलागणीला गुरुजी तो ओसरीवर लावत. माणसं भजनाला यावीत तशी घोंगडी घेऊन येत. भागीरथाबाई यायची ती फाटकं जाळं घेऊन. पायरीवर बसून विणत राहायची. धानाचे भाव झाले, गाणी झाली, कुणा मंत्र्यानं कशाचं तरी उद्घाटन केलं, तिचे हात थांबत नसत. हवामान लागलं की थांबत.

हवामान सांगणाऱ्याचं नाक कायम चोंदलेलं. बेटांवर आला की आधी एकदा नाक ओढायचा, मग बोलायचा. "सूंऽ… अंदमान आणि निकोबार बेटांवर व्यापारी वारे जोराने वाहतील. समुद्र खवळलेला राहील." मी हे त्याच्या नाकासकट म्हणून दाखवायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भागीरथाबाईनं मागं वळून रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगा पोट्ट्या, तूच हाय का! मले वाटलं दोनदा सांगून राह्यला बाप्पा."

एकदा तिनं गुरुजींना विचारलं, "गुरुजी, हे व्यापारी वारे म्हंजे काय जी?"

गुरुजींनी घसा साफ केला, म्हणजे वर्ग भरला. "पूर्वीच्या काळी व्यापाऱ्यांची गलबतं या वाऱ्यांच्या भरवशावर चालत, बाई. हा नेमाचा वारा. एकाच दिशेनं वाहतो."

"एकाच दिशेनं?"

"होय."

"मंग व्यापारीच हाय तो," भागीरथाबाई म्हणाली. "घेऊन जाते, आनून देत नाई."

ओसरीभर हसू झालं. व्यापारी तिला ठाऊक होते. पहाटे तलावाच्या काठी येऊन टोपली उचलणारे, मागं न बघणारे. ती मात्र हसली नाही. तिनं दातानं सुताचा तुकडा तोडला आणि पुढची गाठ मारली.

तिचा हिशेब सरळ होता. वारा जोरात, म्हणजे जहाज सुटत नाही. जहाज सुटत नाही, म्हणजे इस्तारी येणार कसा? शाळेतून घरी जाताना जो भेटेल त्याला ती न विचारताच सांगायची, "आज बी जोराचाच हाय बापा. कसा येईन पोरगा?" वारा वाहत होता तोवर पोरगा तिला विसरलेला नव्हता, आजारी नव्हता, आणखीही काही नव्हता. अडकलेला होता, एवढंच.

मग एका संध्याकाळी त्या चोंदलेल्या नाकानं सांगितलं, "उद्यापासून बेटांवरील वारे मंदावतील. समुद्र शांत राहील."

ओसरी एकदम बोलू लागली. सोमाजीभाऊ तर उठूनच उभा राहिला, जणू जहाज तलावाच्या बंधाऱ्याला लागलंय. "आला! भागीरथे, आला तुहा पोरगा!"

भागीरथाबाई उभी राहिली. जाळं खांद्यावर टाकलं आणि नेमकी माझ्यापुढे येऊन थांबली.

"शर्त लावते का गा माह्याशी?"

"कशाची, बाई?"

"इस्तारी येत नाई. होळीपर्यंत बी येत नाई."

मी म्हणालो, "येणार म्हणतो मी! वारा पडला ना आता."

"तो आला तर तुले मरळ मासोळी देईन. हातभर. नाई आला तर माह्या घरी येऊन ह्या बाप्पाच्या आवाजात हवा सांगजो."

हातभर मरळ! मी लगेच हातावर हात मारला. घरी जाताना उलगडलं. भागीरथाबाई जन्मात एकही शर्त जिंकलेली नव्हती. ती म्हणाली आज मासोळी पूर्वेच्या काठाला, की ढिवरमोहल्ल्यातली माणसं जाळी घेऊन पश्चिमेला जात. तिनं म्हशीला वगार होईल म्हणावं, तर टोणगा व्हावा. ती स्वतःच सांगायची, "मी म्हनीन त्याच्या उलटं धरून चाला." आता ती पोराविरुद्ध शर्त लावून बसली होती, कारण ती हरणार हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि हरण्याची तयारीही केली तिनं. मरळ पकडली आणि जिवंतच रांजणात सोडली. रोज पाणी बदलायची, बारकी मासोळी टाकायची. वाटेत दिसली की म्हणायची, "तुही मरळ जाडी होऊन राह्यली गा." अंगण सारवलं, इस्तारीची बाज उन्हात टाकून ढेकूण झाडले. रेडिओवर रोज वारा मंद. ती रोज थोडी सरळ बसायची.

होळीच्या आधी मुखरू आला. एकटा.

तो पहिल्यापासून बोलताना स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो. त्या दिवशीही तो अंगठ्यालाच सांगत होता. "वारा होता तोवर ठेकेदार आमाले पान्यात उतरू देत नोता, काकी. किनाऱ्यावर बसून राहा म्हने. मंग वारा पडला. तुंबलेला माल काढा म्हने, चला. इस्तारी ओंडक्यावर उभा होता. ओंडका फिरला. मंग दिसलाच नाई."

"वारा नोता?" भागीरथाबाईनं विचारलं.

"नाई, काकी."

"जरासा बी?"

"पानी तेलावानी होतं."

तिनं आणखी एकदा तेच विचारलं. मुखरूनं तेच सांगितलं. अंगणात बायका जमल्या, आशाबाईनं हंबरडा फोडला, पण जिचं रडणं होतं ती रांजणाला पाठ टेकून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. "मंदावतील… शांत राहील… मंदावतील…" तिला ते पाठ झालं होतं.

त्यानंतर ती शाळेकडे फिरकली नाही. तलावावर दिसायची. जाळं टाकायची आणि ओढायचं विसरायची. मी दुरूनच वाट बदलायचो. एके दिवशी बंधाऱ्यावर तिनंच गाठलं.

"काय गा पोट्ट्या. शर्त हरला नं तू?"

मी मानेनं हो म्हटलं.

"मंग दे नं. काऊन बुडवून राह्यला?"

संध्याकाळी गेलो. घरात दिवा लावला नव्हता. रांजणातली मरळ शेपटी आपटत होती. भागीरथाबाई चुलीजवळ, रेडिओपुढे बसायची तशीच बसली होती, फक्त हातात जाळं नव्हतं. मला गुरुजी येतात, सोमाजीभाऊ येतो, आशाबाई येते, गावातलं जे म्हणाल ते तोंड येतं. तिथं मात्र मी आधी विचारून घेतलं.

"काय सांगू, बाई?"

"जोराचा सांग."

मी नाक ओढलं. "सूंऽ… अंदमान आणि निकोबार बेटांवर व्यापारी वारे जोराने वाहतील."

"आनखी."

"समुद्र खवळलेला राहील. कोणीही पाण्यात उतरू नये."

"उद्याचा?"

उद्याचा सांगितला.

"परवाचा सांग गा."

मी परवाचाही जोराचाच सांगितला.