मास्तरांचा हात आणि माटोळी

गोव्यातल्या सर्वण गावच्या सगुण मास्तरांचा उजवा हात वर्षभर खांद्याच्या वर जात नव्हता. फळ्याचा वरचा अर्धा भाग त्यामुळे कोराच राहायचा आणि पोरं खूश होती. मास्तरांना मात्र चवथीची धास्ती होती. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, माटोळीला, नारळ आणि रानफळं बांधायची, ती घरातल्या थोरल्यानं, असा त्यांच्या घरचा रिवाज. आता ते काम धाकट्या भावाला, बाबलीला सांगायचं, तर भाषेच्या वादावरून दोघांत अबोला. गोवा घटकराज्य झालं, पेढे वाटले गेले, तरी या दोन भावांचा तह काही होईना.

डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे. मग कुणीतरी पुण्याहून शिकून आलेल्या गौरवीचं नाव सुचवलं. ती अंगाच्या हालचालींतून मनाचा इलाज करते हे ऐकून मास्तर थेट तेलाची बाटली आणि जुना पंचा घेऊन डिचोलीला तिच्याकडे गेले!

"तेल खंय लायतली गे, बाय?"

"तेल नाका, मास्तर. उबे रावात."

तिनं त्यांना पाय जमिनीला टेकलेले जाणवेपर्यंत उभं केलं. मग हात सावकाश वर न्यायला लावला. तो अडला तिथं मास्तरांचा श्वासही अडला. हा हात शेवटचा वर कधी गेला होता, तिनं विचारलं.

वर्गात कुणाला बोलू न देणाऱ्या मास्तरांनी खालमानेनं सांगून टाकलं. गेल्या चवथीला मराठी की कोंकणी यावरून बाबलीवर उगारलेला हात त्यांनी भरपंगतीत मध्येच आवरला होता.

गौरवीनं समजावलं की तो क्षण कधीच सरला, पण हात अजून स्वतःला आवरूनच आहे. पुढं चार खेपा मास्तरांनी श्वास सोडत तिच्या खोलीची भिंत ढकलली. हात थरथरला, तो थरथरू दिला. एकदा रडूही आलं. ते त्यांनी घामात खपवलं.

चवथीच्या आदल्या दिवशी मास्तर स्टुलावर चढले. नारळ द्यायला माणूस हवा म्हणून बायकोनं, सुमंगलानं, बाबलीला बोलावलं होतं. मास्तरांचा हात वर गेला, थेट माटोळीपर्यंत.

खाली बाबलीनं डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

मास्तर खाली उतरले.

"मारूंक न्हय रे, नाल्ल बांदपाक."

तोच हात त्यांनी बाबलीच्या पाठीवर ठेवला. बाबलीचे खांदे खाली यायला बराच वेळ लागला.