डोंगरीपाड्याचं टपाल

जयवंतीला टपाल वाटायचं काम लागलं ते २०१५ साली, दिवाळीच्या आधी. तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातलं गाव, सात पाड्यांत विखुरलेलं. दहावीच्या मार्कांवर निवड होती आणि अर्ज केलेल्यांत तिचे मार्क सगळ्यांत जास्त निघाले. नवरा मुकेश तेव्हा उंबरगावला एका कंपनीत जायचा. बायकोला सरकारी शिक्का असलेलं काम लागलं म्हणून त्यानंच दुकानावरून पेढे आणून पाड्यात वाटले.

सातांपैकी सहा पाडे रस्त्याला लागून होते. सातवा डोंगरीपाडा, टेकडीच्या पलीकडे. तिथं जायला वनखात्यानं लावलेल्या सागातून पायवाट होती, मध्ये एक ओहोळ, आणि चालणं सव्वा तासाचं. आधीचा म्हातारा पोस्टमन तिथं कधी जात नसे. तिकडची पत्रं तो गावातल्या दुकानात ठेवून द्यायचा. कुणी तेल-मीठ न्यायला आलं तर मिळत, नाहीतर उंदीर खात. जयवंती मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊ लागली. पहिल्यांदा ती पिशवी घेऊन पाड्यात शिरली तेव्हा कोर्टाचं समन्स आलं असं समजून दोन पुरुष मागच्या दारानं शेतात पळाले होते. पुढे तिच्या येण्याची सवय झाली. ती पत्र नुसतं देत नसे, बसून वाचून दाखवायची, बँकेचं कार्ड आलं असेल तर ते कसं वापरायचं ते सांगायची. घरी येईपर्यंत दुपार टळायची.

ती चाल तिला आवडायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते वाटायचं नाही. पण लग्नानंतर एवढा वेळ एकटं राहायला तिला दुसरीकडे कुठेच मिळालं नव्हतं. सागातून जाताना कुणी हाक मारत नसे, कुणी पाणी मागत नसे. पिशवी खांद्यावर, चपला कधी पायात तर कधी हातात, आणि आपल्याच पायांचा आवाज.

नविन गावच्याच मोठ्या पाड्यातला. पावसाळा संपला की डोंगरावरचं गवत कापून घ्यायचं, गाठी बांधायच्या आणि ट्रकनं मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा त्याचा धंदा. त्या दोन-तीन महिन्यांत निम्म्या गावाला त्याच्याकडे काम असायचं. बायको होती, दोन मुलं होती, शाळेच्या समितीत तो सदस्य होता. सुरुवातीला तो रस्त्यात भेटला की विचारायचा, माझं काही टपाल आहे का. मग सागाच्या वाटेवर भेटू लागला. गवत कुठं किती वाढलंय ते बघायला आलो, म्हणायचा. मग मागून चालू लागला, आणि चालता चालता बोलू लागला. ते बोलणं जयवंतीला घरी येऊनही कानातून काढता येत नसे. तिनं मंगळवारचा सोमवार केला, तरी तो सोमवारी तिथं होता. शेवटी तिनं शाखा डाकघर सांभाळणाऱ्या शुक्राकाकांना सांगितलं. माणूस भला होता, पण त्यांनी चष्मा पुसत एवढंच म्हटलं, की नुसतं बोलतोय ना, लक्ष देऊ नको.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. अख्खं गाव सकाळपासून तलासरीच्या बँकेपुढे रांगेत उभं असायचं. गवत कापणाऱ्या बायकासुद्धा डोंगर सोडून रांगेत गेल्या होत्या. त्या शुक्रवारी वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ओहोळ ओलांडायला जयवंतीनं साडी वर खोचली, आणि पलीकडच्या दगडावर नविन उभा दिसला.

ती थांबली नाही. थांबले तर मी घाबरले असं तो समजेल, असं तिला वाटलं. जवळून जाताना त्यानं आधी पिशवी धरली, मग मनगट. ती ओढू लागली तसा त्यानं दुसरा हात तिच्या मानेमागे घातला. तोंडाला तंबाखूचा वास होता. जयवंतीनं मान वळवून त्याच्या हाताला इतक्या जोरात चावा घेतला की तिचाच दात हलला. तो ओरडला, पकड सुटली, आणि ती आल्या वाटेनं ओहोळ तुडवत पळाली.

बरीच लांब आल्यावर तिला कळलं की खांदा हलका आहे. पिशवी मागेच राहिली होती.

टपालाची पिशवी टाकून येणं म्हणजे काय, हे तिला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. त्यात तीन रजिस्टर पत्रं होती, चौघांची बँकेची कार्डं होती. गावाकडे जाऊन माणसं आणावीत, तर गाव रांगेत. ती एका सागाला टेकून थोडा वेळ उभी राहिली. मग वाटेतला एक दगड उचलून ती परत ओहोळाकडे गेली.

नविन दगडावर बसून हाताला रुमाल बांधत होता. पिशवी त्याच्या मांडीवर होती आणि एकेक पाकीट काढून तो नाव वाचत होता. तिला बघून म्हणाला, "ये ना. घेऊन जा तुझं."

ती या काठावर, तो त्या काठावर. किती वेळ गेला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. मग वरून घुंगरांचा आवाज आला. डोंगरीपाड्याचा म्हातारा चैत्या गुरं घेऊन पाण्यावर उतरत होता. नविननं पिशवी खाली ठेवली, म्हाताऱ्याला रामराम केला आणि सागात निघून गेला. जयवंतीनं पाकिटं गोळा केली. एक भिजलं होतं, ते तिनं पदरानं टिपलं. आणि मग ती डोंगरीपाड्याला गेली, कारण टपाल वाटायचं राहिलं होतं.

जयवंतीनं घरी थोडक्यात सांगितलं आणि रविवारी पंच बसले. नविन हाताला पट्टी बांधूनच आला. म्हणाला, पिशवी वाटेत पडलेली दिसली, कुणी नेऊ नये म्हणून राखत बसलो, ही बाई वेड्यासारखी अंगावर आली. चैत्याला विचारलं. तो खरं तेच बोलला, मी दगडावर बसलेला माणूस बघितला, दुसरं काही बघितलं नाही. पोलिसांत जायचा विषय कुणीतरी काढला, तेव्हा एक म्हातारा पंच जयवंतीशी अगदी मायेनं बोलला, की बाय, तुझं नाव तालुकाभर होईल, त्याचं काय जाणार. गवताचे दिवस आहेत, हे कुणी बोललं नाही. ते न बोलताच सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ठरलं ते असं, की झालं ते झालं, यापुढे बाईमाणसानं त्या वाटेनं एकटं जाऊ नये.

जयवंतीनं एकदाच तोंड उघडलं. "त्याला पण सांगा मग, एकटं जाऊ नको म्हणून."

कुणीतरी हसलं. बैठक उठली.

मुकेशची कंपनी त्याच सुमारास बंद पडली होती आणि तो घरीच होता. रात्री जेवताना म्हणाला, मी जात जाईन पिशवी घेऊन, तू घरी बस. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती, आणि जयवंती इतकी दमली होती की तिला ती काळजी बरी वाटली. आपल्या जागी बदली माणूस देण्याची सोय खात्यात होती. शुक्राकाकांनी कागद भरला. त्यात एक ओळ होती, बदली माणसाच्या कामाची सर्व जबाबदारी माझी राहील. जयवंतीनं खाली सही केली.

दोन महिने मुकेश नेटानं गेला. मग त्यानं जुनी मोटारसायकल घेतली, आणि मोटारसायकल सागाच्या पायवाटेनं चढत नव्हती. संध्याकाळी ती विचारायची, डोंगरीपाड्याला गेला होतास का. तो म्हणायचा, हो. तिनं दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त याचंच लागत राहिलं.

डोंगरीपाड्यात लक्ष्याची मुलगी पुष्पा होती. २०१७ ला बारावी होऊन तिनं नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला होता. जयवंती जायची तेव्हा ही अकरावी-बारावीत होती, आणि अंगणातच उभी असायची, ताई, माझं काही आलंय का, विचारत. घरात सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे. शाळेत शिकवलं होतं म्हणून ती जयवंतीला तुम्ही म्हणायची. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुष्पाचं पत्र आलं. निवडयादीत नाव होतं, अमुक तारखेला मूळ कागद घेऊन हजर राहायचं होतं. ती तारीख गेली. बरोबरीच्या एका मुलीला प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा पुष्पानं कॉलेजात फोन करून विचारलं. तिकडून सांगितलं, पत्र पोचल्याची सही आहे.

लक्ष्यानं पुष्पाच्याच अक्षरात लिहिलेला तक्रारअर्ज तलासरीच्या पोस्टात नेऊन दिला. आठ दिवसांत पोस्टाचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी सहीचं पुस्तक उघडून जयवंतीपुढे धरलं. पुष्पाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पुश्पा'. जयवंतीनं ते अक्षर ओळखलं. नवऱ्याचं अक्षर कुणीही ओळखेल.

साहेब उर्मट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. काम नवऱ्याला का दिलं ते विचारलं. तिनं ओहोळावरचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "याची लेखी तक्रार केली होती का कुठे?"

"नाही."

"मग हे नुसतं तुमचं म्हणणं झालं. आणि ही तुमची सही आहे."

सही तिचीच होती.

त्या दुपारी तिनं घर धुंडाळलं. भाताच्या कणगीमागे एका गोणपाटात चौदा पत्रं होती, सगळी डोंगरीपाड्याची, त्यांत पुष्पाचंही. मुकेश आला तेव्हा ती त्यांच्यापुढे बसून होती. तो दारातच थांबला. मग म्हणाला, "दोन पत्रांसाठी कोण चढणार तेवढा डोंगर? मी टाकून नव्हतो देणार. एकदम नेणार होतो."

"मी चढत होते," जयवंती म्हणाली.

"आणि काय झालं ते बघितलंस ना."

जयवंती पत्रं तारखेप्रमाणे लावू लागली. खात्यानं तिला कामावरून दूर ठेवलं, चौकशी संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती चौदा पत्रं एका पिशवीत घातली, शुक्राकाकांकडे जमा केली, आणि रिकाम्या हातांनी डोंगरीपाड्याची वाट धरली. दहा महिन्यांनी. भीती वाटत होती, पण पुष्पाच्या दारात उभं राहायची भीती त्याहून मोठी होती. ओहोळावर कुणी नव्हतं.

पुष्पा अंगणालगतच्या नागलीतलं तण काढत होती. आईनं जयवंतीला बसायला खाट दिली. पुष्पा तशीच उभी राहिली. जयवंती म्हणाली, माझी चूक झाली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, मी स्वतः भरून देते.

पुष्पा म्हणाली, "पुढच्या वर्षीचं बाबा नाही म्हणतात. एकटी कशी जाशील, म्हणतात."

मग आई पाणी आणायला आत गेली तशी ती हळू आवाजात बोलू लागली. "मी अकरावी-बारावीला रोज त्याच वाटेनं जायची, ताई. मंगळवारी, शुक्रवारी तुम्ही परत निघालात की मी मुद्दाम थांबायची आणि तुमच्या मागं मागं दुपारच्या क्लासला जायची. तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही पुढं दिसलात की मला बरं वाटायचं. तुम्ही यायच्या बंद झालात आणि मग तो माझ्या वाटेत उभा राहायला लागला."

जयवंतीनं विचारलं, "घरी सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं होतंत ना," पुष्पा म्हणाली. "तुमचं जाणं बंद झालं. माझी शाळा बंद झाली असती."

आई पाणी घेऊन आली. जयवंतीनं तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. उठताना तिनं पुष्पाच्या पाठीवर हात ठेवला. पुष्पा मागे सरली नाही, पुढेही आली नाही.

चौकशी दीड वर्ष चालली. तलासरीला चार वेळा, पालघरला दोन वेळा जाऊन तिनं तेच ते सांगितलं. २०१९ च्या मार्चमध्ये तिला कामावरून काढल्याचा हुकूम आला. पुष्पा तोवर उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. नविनचं गवत दर वर्षी मुंबईला जात होतं. जयवंती चिखल्याकडच्या चिकूच्या वाडीत फळं उतरवायला जाऊ लागली. पहाटे जीप येते, पंधरा बायका दाटीवाटीनं बसतात, संध्याकाळी तशाच परत येतात. एकटं चालायचा प्रश्नच येत नाही.

त्या मे महिन्यात मुकेशचा एक दूरचा भाऊ गंजाडहून आला होता. बोलता बोलता त्यानं विचारलं, वहिनीला पोस्टात चांगलं काम होतं ना, त्याचं काय झालं?

मुकेश म्हणाला, "डोंगरातलं काम. बाईमाणसानं एकटं फिरायचं म्हणजे जिवाला घोर. मीच सोडायला लावलं."

जयवंती चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला.

"सोडलं नाही मी," ती म्हणाली. "काढलं मला."

पाहुण्यानं दोघांकडे पाहिलं, मान हलवली, आणि मुकेशला विचारलं की यंदा भात कुठलं पेरणार.