शेवट न सांगण्याचा नियम

“त्यांचा भाचा काय दिसंना कुठं,” बाहेर मांडवात कुणीतरी म्हणालं. “शिरूरहून आला न्हाई का काय?”

मामाच्या दहाव्याचा दिवस होता. दौंडच्या घरात, आतल्या खोलीत, मी बायकांमध्ये बसले होते. तो आवाज मी ओळखला. पाच वर्षं फोनवरच्या व्हॉइस मेसेजांत ऐकला होता; माणूस कधी पाहिला नव्हता. ते मलाच शोधत होते.

मामा मालगाडीवर गार्ड होता. गार्डाची जुनी झालेली काळी लोखंडी पेटी त्यानं घरी ठेवली होती आणि झेंड्यांच्या जागी तिच्यात कॉमिक्स भरली होती. सुट्टीत शिरूरहून आले की मी त्या पेटीशेजारी बसून वाचायचे. घरात मला कुणी फार बोलायला लावत नसे, कारण माझं मराठी शाळेतल्या इंग्रजीत अडखळायचं आणि मावश्या हसायच्या. मामा हसला नाही. हिंदीत डब झालेला सिनेमा पाहून आला की तो विचारायचा, मूळ इंग्रजीत तो गडी नेमकं काय म्हणतो गं? ते मी त्याला सांगायचे... मग कितीही वेळ बोलायचे.

त्याच्या रेल्वेतल्या मित्रांचा मारधाडीच्या सिनेमांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात त्यानं मला घेतलं, पण ‘भाचा, शिरूर’ म्हणून. मुलगी आहे कळलं तर ही माणसं शर्टाची बटणं लावून बोलतील, म्हणाला. मलाही ते सोयीचं वाटलं. गाडीच्या टपावरची मारामारी आली की सगळे तुटून पडत: वर एवढी विजेची तार, हा भाजला कसा नाही? कॉमिकमधला पोशाख सिनेमात का बदलला यावर मी टाइप करून भांडायचे. “भाचेराव, तुमचा गळा कवा उघडनार?” असा मेसेज यायचा. मी हसरा चेहरा पाठवायचे. वर्षं गेली तसं खरं सांगणं अवघड होत गेलं. मीच आत गेले होते आणि कडी बाहेरून लागली होती.

ग्रुपचा एकच नियम होता, मामानं केलेला. सगळ्यांच्या ड्यूट्या वेगळ्या, त्यामुळे शेवटच्या माणसाचा सिनेमा पाहून होईपर्यंत शेवटाबद्दल कुणी बोलायचं नाही. यावेळी नवा सिनेमा लागला तेव्हा मामा म्हणाला होता, पुण्याला सगळे मिळून जाऊ, तूही ये, मी ओळख करून देतो. मी ऑफिसचं कारण सांगितलं. “किती दिस लपशील?” एवढंच म्हणाला. माझ्यासाठी तो बेत पुढे गेला, बाकीचे आपापले पाहून आले. मीही पुण्यात एकटीच पाहून आले, त्याला न सांगता. त्याचा तेवढा राहिला. पुढच्याच आठवड्यात ड्यूटीला निघताना दारातच त्याच्या छातीत कळ आली...

दहा दिवस ग्रुपवर कुणी शेवटाबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. बाहेरचा तोच आवाज आता हळू म्हणाला, “मानूस गेला. आता शेवट बोलायचा का न्हाई, ते भाच्यानंच सांगावं. त्येच्यासाठीच सिनेमा न बघता थांबले हुते ते.”

मी उठले. “कुठं निघालीस? तिकडं पुरुष बसलेत,” आई म्हणाली. मांडवात पाच-सहा जण होते. मला पाहून त्यांनी पाय आवरले, आणि एकानं रिकामा कप माझ्या हातात दिला. मी तो घेतला. पलीकडे काळ्या पेटीवर मामाचा फोटो ठेवला होता. कप घेऊन परत आत जाता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. मी कप पेटीवर ठेवला आणि त्यांच्याकडे वळले.

“भाचा मीच,” मी म्हणाले. “तुम्ही बसा. मामाला शेवट मी सांगते.”