स्लॅबखालची पंगत

स्लॅब जवळपास अर्धा भरून झाला होता. सकाळपासून मी वरच उभी होते. घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला खाली उतरले आणि जागच्या जागी थिजले. ओल्या स्लॅबच्या खाली, टेकूच्या लाकडी बल्ल्यांच्या रांगांमध्ये, पंगत बसली होती. तीस-चाळीस माणसं मांडी घालून आलू-वांग्याची भाजी आणि पोळी खात होती. वर मिक्सरचा माल पडतच होता.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. अमरावतीत माझं छोटं ऑफिस आहे. चांदूर बाजारजवळच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीनं विहाराशेजारी अभ्यासिका बांधायला घेतली होती. पोरापोरींना स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जागा हवी होती. ठेकेदार नव्हता. गवंडी वस्तीतलेच, सळई बांधणारे वस्तीतलेच. नोकरीसाठी अमरावती-अकोल्यात राहणारे रविवारी येऊन घमेली उचलायचे. ड्रॉइंग माझं होतं, त्यावर सहीही माझीच. श्रमदान म्हटलं की लोकांचा ऊर भरून येतो. मला आधी धोका दिसतो. मजुराला थांब म्हटलं की तो थांबतो, हौशी माणूस थांबत नाही.

ओल्या स्लॅबखाली कोणी बसणं वाईटच. पण त्याहून वाईट मला पुढच्या क्षणी दिसलं. मधल्या भागात ब्रेसिंग नव्हतं.

ब्रेसिंग म्हणजे काय ते सांगते. ओला स्लॅब स्वतःचं वजन पेलू शकत नाही. पुरेसा कडक होईपर्यंत त्याला खालून बल्ल्यांचा टेकू देतात, त्याला सेंटरिंग म्हणतात. या बल्ल्या आडव्या बांबूंनी एकमेकींना बांधतात, ते ब्रेसिंग. झाडूची काडी उभी धरून वरून दाबा, लगेच वाकते. मधोमध कोणी धरून ठेवली तर वाकत नाही. आडवे बांबू हे धरून ठेवण्याचं काम करतात. आदल्या दिवशी मी ते स्वतः हलवून पाहिले होते. आता ते गायब होते, आणि एक बल्ली चांगलीच वाकली होती.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर सगळे एकदम उठले असते, आणि त्या बल्लीला एकाचा खांदा लागला असता तरी पुरे होतं. वाढणाऱ्या बायांमध्ये शांताबाई पुढे होत्या. स्वयंपाकाचं सगळं त्यांच्याकडेच होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "यांना इथून उठवा. सावकाश."

"भरल्या ताटावरून? असं कुठं असते का, मॅडम?"

"ती बल्ली पाहा."

त्यांनी पाहिलं. चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला.

"चला रे, ताटं घेऊन निंबाखाली चला! वरून सिमेटाचं पानी गयून राह्यलं, भाजीत पडते. एकेक जन उठा. बल्ल्याइले हात लावू नोका!"

कुरकुर करत माणसं निघाली. एक आजोबा मात्र ताट पुसून खाल्ल्याशिवाय उठेनात. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. शेवटी तेही उठले.

मग वरचे. समितीचं काम पाहणारे विजयभाऊ एसटीत कंडक्टर आहेत. त्यांना खालूनच हाक मारली. "मिक्सर बंद करा. सगळे खाली या. एकेक करून, उड्या न मारता."

"आता कावून, मॅडम? अर्धा तं बाकी हाये!"

"खाली या, सांगते."

सगळे निंबाखाली जमल्यावर मी विचारलं, "आडवे बांबू कोणी काढले?"

या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या कुठल्याही कामावर मिळालेलं नाही. साइटवर तो विचारला की प्रत्येक जण आपल्या चपला पाहू लागतो. इथं मात्र आठ-दहा हात वर झाले.

"आमीच काढले," एक जण म्हणाला. "वाढतानी डोक्याले लागून राह्यले होते."

"मीच मनलं, काढा," शांताबाई म्हणाल्या. "बाहेर ऊन लय. म्या मनलं, सावलीत जेवतीन लोकं."

रागावण्याची माझी पूर्ण तयारी होती. पण चूक कबूल करणाऱ्या माणसावर रागवायचं तरी काय? शिवाय वेळ नव्हता. भरलेलं काँक्रीट घट्ट होऊ लागलं, की नवा माल त्याला नीट चिकटत नाही. त्या शिवणीला कोल्ड जॉइंट म्हणतात. तिथून स्लॅब कमजोर राहतो आणि जन्मभर गळतो. त्या उन्हात आमच्या हाती फार तर तासभर होता.

मी स्पष्ट सांगितलं, "कडेकडेनं, आधार लावत लावत आत जाता येईल. पण जाणाऱ्याला मी खात्री देऊ शकत नाही. स्लॅब पडला तर पुन्हा बांधू. माणूस पुन्हा येत नाही."

मग राजू पुढे आला. सेंटरिंग हाच त्याचा रोजचा धंदा. "म्या जातो. तुमी फक्त बल्ल्या आना."

त्याच्या पाठोपाठ आणखी तिघं आले. बाकीची वस्ती बल्ल्यांसाठी पांगली. एकानं मांडवाचे खांब उपटले, दुसऱ्यानं गोठ्याचे. व्हरांड्याचा टेकू काढून आणणाऱ्याला मी परत पाठवलं, नाहीतर एक छत वाचवताना दुसरं पडायचं. दोन बायांनी कडेला शिड्या लावून, स्लॅबवर पाय न ठेवता, भरलेल्या भागावर ओली पोती पसरली, म्हणजे माल लवकर सुकू नये.

मीही आत गेले. शौर्य वगैरे नाही. बाहेर उभं राहून नुसतं पाहत बसणं मला जमलं नसतं. वरून सिमेंटचं पाणी मानेवर ठिबकत होतं. वाकलेल्या बल्लीला आम्ही हात लावला नाही. तिच्या दोन्ही बाजूंना नव्या उभ्या केल्या, खाली पाचरी ठोकल्या, मग आडवे बांबू बांधले. मध्येच कर्र असा आवाज झाला. आम्ही पाचही जणांनी वर पाहिलं.

"काही नाही," राजू म्हणाला, "पाचर बसली."

मिक्सर पुन्हा सुरू झाला तेव्हा पोत्यांखालचा माल अजून ओला होता. मी बोट रुतवून पाहिलं आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. स्लॅबखाली जायच्या वाटेवर शांताबाई खुर्ची टाकून बसल्या. मी आत डोकावायला गेले तर म्हणाल्या, "तुमाले बी मनाई हाये, मॅडम."

तीनेक आठवड्यांनी सेंटरिंग काढलं. त्या बल्लीच्या जागी स्लॅबला बोटभर पोट आलं होतं, ते प्लास्टरमध्ये झाकलं. कोल्ड जॉइंट नाही, गळती नाही. पावसाळा त्यावरून गेला. खाली पोरं अभ्यास करतात.

ऑफिसात नवीन मुलं विचारतात, श्रमदानाच्या कामात धोका जास्त नाही का? आहे. ठेकेदाराच्या साइटवर पंगत स्लॅबखाली बसलीच नसती. पण तिथं काही चुकलं असतं, तर चूक कोणाची हे ठरवण्यात पहिला तास गेला असता. आणि काँक्रीट तेवढं थांबत नाही.