गल्लीतून मागे काढलेली गाडी

नवऱ्याने आजारपणात आमची गाडी विकली ती ओळखीवर. घेणारा शहागंजातला, वेरूळला पर्यटक नेणारा ड्रायव्हर. अर्धे पैसे रोख, बाकीचे हप्त्याने. आमच्याकडे अशा व्यवहारात शेवटचा हप्ता येईपर्यंत कागद जुन्या मालकाच्याच नावावर राहतात आणि दुसरी किल्लीही त्याच्याच घरात. नवरा गेला, तरी हप्ता येत राहिला. मग एकाएकी थांबला.

फोन केला की तो म्हणायचा, भाभी, जुम्म्याला नक्की. असे किती जुम्मे गेले, देव जाणे. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात लेकीच्या फार्मसीची फी डोक्यावर. फी भरली नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. मी दिराला म्हटलं, किल्ली आहे ना आपल्याकडे, मग वाट कसली बघायची?

एका सकाळी आम्ही दोघं त्याच्या गल्लीत गेलो. गाडी दारातच होती, अंगावर धुळीचा थर. त्याला काय काय सुनावायचं ते मी रिक्षातच जुळवून ठेवलं होतं. दार त्यानेच उघडलं. काखेत कुबड्या, उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. साखरेने गेला, असं त्याची बायको म्हणाली आणि चहा ठेवायला आत वळली. मला राग आला, पण वेगळाच. अरे बाबा, एका शब्दाने तरी सांगायचंस.

दिराच्या हातातली किल्ली त्याने पाहिली होती. चहा झाल्यावर त्याने बायकोला गाडीतलं सामान काढून घ्यायला सांगितलं, बस. भरलेल्या हप्त्यांचं काय, हे त्याने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

गल्ली अरुंद, हातगाड्यांनी भरलेली. दिराला गाडी मागे घेता येईना. तेव्हा तो कुबड्यांवर खाली उतरला. हातगाडीवाल्यांना बाजूला केलं आणि डिकीवर थाप मारत, 'आने दो, आने दो' म्हणत त्याने ती गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत काढून दिली. मला ते बघवत नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर मी काच खाली केली आणि विचारलं, आधी का नाही सांगितलं?

"बोलता तो तुम हप्ते छोड देते, भाभी," तो म्हणाला. "फिर गाडी मेरी कायकी?"

पुढे कागद माझ्या नावावर करून गाडी विकली. लेकीची फी भरली, ती पासही झाली. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

नवरा असता तर त्याने ते हप्ते खरंच सोडले असते. मी सोडले नसते. त्या माणसाने मला नवऱ्यासारखीच समजलं, याचं मला आजही रडू येतं.